खोली, नाव आणि प्रयोगशाळा

माझ्या एका विद्यार्थ्याची कनिष्ठ संशोधक म्हणून निवड झाली आणि तो मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावाहून नवी मुंबईला निघाला. निघण्याच्या आदल्या दिवशी तो घरी आला. माझ्या कपाटातली निम्मी पुस्तके त्याने नेऊन वाचलेली होती. तो म्हणाला, "सर, नव्या शहरात जाऊन प्रयोगशाळेत उभे राहिलेल्या आपल्या माणसाने लिहिलेले एखादे पुस्तक द्या. तिथे काय वाट्याला येते ते आधी कळलेले बरे."

मी कपाटापुढे उभा राहिलो. मी जीवशास्त्र शिकवतो आणि दलित साहित्य वाचतो. ही दोन्ही कामे इतकी वर्षे मी एकाच घरात केली. पण त्यांची कधी गाठ घालून दिली नाही, हे त्या क्षणी मला कळले. गावकुसाबाहेरची वस्ती कपाटात होती. पालावरचे जिणे होते. गिरणी, झोपडपट्टी, वसतिगृह, कचेरी होती. प्रयोगशाळा नव्हती. मी त्याला दोन जुनी पुस्तके दिली आणि म्हणालो, "यात आहे ते वाच. नाही ते मी शोधतो."

पुढील विवेचन हे त्या शोधातून आलेले आहे. प्रश्न दोन आहेत. पहिला असा, की संशोधनासाठी नव्या शहरात जाणाऱ्या तरुणाचा अनुभव आमच्या साहित्यात आधीच कोठे येऊन गेला आहे? आणि दुसरा, तो अनुभव प्रयोगशाळेच्या दारापाशी येऊन का थांबला?

१

नव्या शहरात विद्येच्या बळावर कामाला गेलेला अस्पृश्य तरुण हा आमच्या लेखनाचा अगदी मूळ विषय आहे. बाबासाहेबांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या छोट्या इंग्रजी लेखनात तो आहे. हे लेखन पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० मध्ये प्रसिद्ध केले. त्यात बडोद्याचा प्रसंग आहे. १९१७ मध्ये कोलंबिया आणि लंडन येथे संशोधन करून आलेला हा तरुण, शिष्यवृत्तीच्या कराराप्रमाणे बडोदे संस्थानाच्या नोकरीत रुजू होतो. कामाची जागा निश्चित आहे. रात्री डोके टेकायला जागा नाही. पारशी उतारशाळेत पारशी नाव नोंदवून तो राहतो. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक येतात आणि संध्याकाळपर्यंत खोली सोडायला सांगतात. दोन मित्रांकडे आसरा मागून पाहिला, तर दोघांनीही सबबी सांगितल्या. मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत तो सार्वजनिक बागेत बसून राहतो.

हा प्रसंग आम्ही अपमानाचा प्रसंग म्हणून वाचतो आणि ते बरोबरच आहे. पण समीक्षेने आणखी एक गोष्ट पाहिली पाहिजे. आदल्याच वर्षी, ९ मे १९१६ रोजी, कोलंबिया विद्यापीठातील गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात या तरुणाने भारतातील जातींवर निबंध वाचला होता. म्हणजे जो जातीची उत्पत्ती शोधत होता, त्याला जातीने शोधून काढले. संशोधक आणि संशोधनाचा विषय यांच्यात जे सुरक्षित अंतर असते असे विद्यापीठ शिकवते, ते अंतर त्याला मिळाले नाही.

दुसरा मुक्काम बाबुराव बागुलांचा. 'जेव्हा मी जात चोरली होती' ही कथा ज्या संग्रहात आहे तो १९६३ मध्ये आला. रेल्वेत नोकरी लागून परमुलखात गेलेला तरुण, खोलीसाठी लपवलेली जात, ती उघड झाल्यावर बसलेला मार आणि त्याला सोडवणारा काशीनाथ. काशीनाथ जात चोरत नाही. तो ती उघड सांगतो आणि परिणामांना तयार राहतो. बागुलांनी एकाच कथेत दोन वाटा समोरासमोर उभ्या केल्या. शिकलेला, कविता जाणणारा तरुण जात लपवतो आणि त्याला वाचवायला येतो तो न लपवणारा.

बडोदे आणि बागुलांची कथा एकापुढे एक ठेवली की एक सूत्र दिसते. नव्या शहरात आमच्या माणसाची पहिली परीक्षा ज्ञानाची होत नाही, खोलीची होते. आणि खोलीच्या परीक्षेत एकच प्रश्न असतो: नाव काय?

२

नावाकडून ज्ञानाकडे जाणारी वाट मला दोन पुस्तकांत सापडली. त्यांतले पहिले दया पवारांचे 'बलुतं', १९७८ चे. या पुस्तकात सांगणारा दगडू मारुती पवार आहे आणि ऐकणारा दया पवार. एकाच माणसाची ही दोन नावे आहेत. गावाकडचे नाव सांगते आणि शहरातले नाव लिहून घेते. परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात दया पवारांनी कारकून आणि प्रयोगशाळा साहाय्यक म्हणून काम केले, ही गोष्ट 'बलुतं'च्या चर्चेत सहसा कोणी उचलत नाही. मला ती फार महत्त्वाची वाटते. मेलेले जनावर ओढण्याचे काम ज्या समाजावर धर्माने लादले, त्या समाजातला मुलगा जनावरांच्या विज्ञानाच्या प्रयोगशाळेत पोचतो. पण साहाय्यक म्हणून. आमच्या आत्मकथनातली प्रयोगशाळा ही अशी मागच्या दाराने आलेली आहे. समीक्षकांनी कावाखाना पाहिला, महारवाडा पाहिला, प्रयोगशाळेवरून ते पुढे निघून गेले.

दुसरे पुस्तक कुमुद पावडे यांचे 'अंतःस्फोट', १९८१ चे. आपण संस्कृत कसे शिकलो हे त्या सांगतात. आमच्या साहित्यात ज्ञानशाखा हाच विषय झालेले हे लेखन आहे. भूक, मारहाण, वेठबिगारी यांचे वर्णन करणे एक आणि ज्या विद्येच्या दारावर आपल्याला शतकानुशतके मज्जाव होता त्या विद्येच्या आत जाऊन तिची भिंत आतून कशी दिसते हे सांगणे वेगळे. पावडेबाईंनी दुसरे काम केले. आणि त्यांच्या कथेचा शेवट पुन्हा नावापाशीच येतो. माहेरचे सोमकुवर हे नाव असताना जी नोकरी मिळत नव्हती ती विवाहानंतर पावडे या नावाला मिळाली, हे त्या स्वतःच सांगतात. संस्कृत तेच होते, पदवी तीच होती, मुलाखत देणारी बाईही तीच होती.

माझ्या विद्यार्थ्याला मी दिलेली दोन पुस्तके हीच. संस्कृतविषयी जे 'अंतःस्फोट'मध्ये झाले ते विज्ञानाविषयी झालेले नाही, हे माझे म्हणणे आहे. आणि याचे आश्चर्य वाटले पाहिजे. कारण बाबासाहेबांनी १९४६ मध्ये मुंबईत पहिले महाविद्यालय काढले ते कला आणि विज्ञान अशा दोन्ही शाखांचे काढले. नागसेनवनात मिलिंद विज्ञान महाविद्यालय आजही उभे आहे. नागसेनवनातल्या कला शाखेने आम्हाला कवी दिले, समीक्षक दिले, नियतकालिके दिली. विज्ञान शाखेने आम्हाला शिक्षक, डॉक्टर, इंजिनिअर, संशोधक दिले. पण त्यांनी लिहिले नाही. आम्ही त्यांना लिहा म्हणून सांगितलेही नाही.

३

आता नवी मुंबईविषयी. हे शहर साहित्याच्या अभ्यासकाने नीट पाहावे असे आहे, कारण ते अगोदर कागदावर आखले गेले. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये खाडीपलीकडच्या शहराची कल्पना मांडली. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली. ठाणे आणि तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातील ९५ गावांची जमीन त्यासाठी निश्चित झाली. नकाशावर सेक्टर आखले गेले, त्यांना क्रमांक दिले गेले. पूर्वेकडची वस्ती, पश्चिमेकडची वस्ती असा भेद त्या नकाशात नव्हता. गावकूस नव्हते, म्हणून गावकुसाबाहेरही नव्हते.

४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बोलताना बाबासाहेबांनी भारतीय खेड्यावर जी कठोर टीका केली, तिच्या पार्श्वभूमीवर हे शहर पाहिले की मनात आशा उत्पन्न होते. खेड्याच्या स्मृतीशिवाय उभारलेले शहर! पण शहर नुसत्या नकाशाने होत नाही. ज्यांची जमीन गेली त्या आगरी-कोळी शेतकऱ्यांना मोबदल्यासाठी लढावे लागले. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनावर जानेवारी १९८४ मध्ये गोळीबार झाला, त्यात पाच शेतकरी मरण पावले. साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना त्या रक्तातून आली. तुर्भे-दिघ्याच्या डोंगरात दगडखाणी चालल्या. तिथे सुरुंग लावणारे, खडी फोडणारे हात दुष्काळी मुलखातून आलेले होते. इमारतींचा पाया त्यांनी फोडलेल्या दगडावर आहे. त्या इमारतींत खोली मिळण्याचा प्रश्न मात्र नंतर आलेल्यांचा.

या शहरात विज्ञानही खाडी ओलांडून आले. परळला १९५२ मध्ये सुरू झालेली कर्करोग संशोधनाची संस्था टाटा मेमोरियल केंद्राचा भाग होऊन २००२ मध्ये खारघरला अ‍ॅक्ट्रेक म्हणून स्थिरावली. भारतीय भूचुंबकत्व संस्था कुलाब्याहून नवीन पनवेलला आली. या दुसऱ्या संस्थेच्या पूर्वेतिहासात एक बोलकी गोष्ट आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या प्रवाहाने चुंबकाच्या नोंदी बिघडणार, म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभी कुलाब्याच्या वेधशाळेचे चुंबकीय काम अलिबागला हलवण्यात आले. १९०४ पासून तिथे नोंदी सुरू झाल्या. एक सुई हलू नये म्हणून संपूर्ण वेधशाळा समुद्रापलीकडे गेली. यंत्राला शांतता लागते हे विज्ञानाने ओळखले. यंत्रापुढे बसलेल्या माणसालाही ती लागते, हे ओळखायला कोणत्या शास्त्राची वाट पाहायची?

माझ्या विद्यार्थ्याबरोबर मी दोन दिवस खोली शोधत फिरलो. कोणी काठी घेऊन आले नाही, कोणी शिवी दिली नाही. एका ठिकाणी घरमालकीणबाईंनी पाणी दिले, चहाही विचारला. मग आडनाव विचारले. मग गाव. मग, "तुमच्याकडे खाण्यापिण्याचे कसे?" मग, "ह्यांना विचारून फोन करते." फोन आला नाही. दुसऱ्या ठिकाणी दलालाने अतिशय नम्रपणे सांगितले, "सर, माझे काही नाही हो. सोसायटीचा नियम आहे." नियम कोठे लिहिला आहे असे मी विचारले. तो हसला. त्याच्या हसण्यात तिरस्कार नव्हता, माझ्या भाबडेपणाची कीव होती.

परत येताना विद्यार्थी म्हणाला, "सर, बागुलांच्या कथेत निदान मारतात. इथे काहीच होत नाही." या वाक्यात मला आजच्या समीक्षेचा एक मोठा प्रश्न दिसतो. आमच्या साहित्याची भाषा जखमेची भाषा आहे. जखम दिसते, रक्त दिसते, म्हणून शब्दाला धार येते. जिथे जखम दिसत नाही, फक्त फोन येत नाही, तिथे लिहायचे कसे? न आलेल्या फोनचे साहित्य कसे होते? विषय संपला असे जे म्हणतात, त्यांनी या प्रश्नाचे उत्तर द्यावे. अत्याचाराने पोशाख बदलला आहे. आमच्या शैलीने तो अजून ओळखलेला नाही.

अखेर त्याला खोली मिळाली, ती आमच्याच एका कार्यकर्त्याच्या ओळखीने, कामापासून बरीच लांब. येण्याजाण्यात रोजचे दोन-अडीच तास गेले. प्रयोगशाळेत पेशींचे संवर्धन करणाऱ्याला हे अंतर काय पडते ते सांगतो. पेशी सदतीस अंश तापमानाच्या पेटीत वाढतात. दर दोन-तीन दिवसांनी त्यांचे पोषणद्रव्य बदलावे लागते. पेशींना रविवार नसतो, जयंती नसते, लग्न नसते. जो जवळ राहतो तो रात्री दहाला जाऊन पाहून येतो. जो लांब राहतो त्याचा प्रयोग वाया जाण्याची शक्यता वाढते. वर्षाअखेर दोघांचे काम तपासले जाते, तेव्हा एकाचे फळ जास्त दिसते. त्याला गुणवत्ता म्हणतात. न आलेला फोन असा प्रयोगाच्या नोंदीपर्यंत पोचतो. पण तिथे त्याची नोंद होत नाही.

४

येथे प्रस्थापितांचा ठरलेला आक्षेप येतो: विज्ञानाला जात नसते. आमच्या पिढीच्या वाचकांना हा सूर ओळखीचा वाटेल. साठ-सत्तरच्या दशकांत आम्हाला सांगितले जात होते, की कलेला जात नसते. साहित्य ते साहित्य, त्यात दलित आणि दलितेतर कशाला? 'शुद्ध कले'च्या त्या भूमिकेला दलित समीक्षेने उत्तर दिले. कलेचे निकष कोणी ठरवले, कोणाच्या जगण्यावरून ठरवले आणि त्यांत कोणाचे जगणे बसत नाही, असे प्रश्न तिने विचारले. त्या लढाईत जी हत्यारे घडली ती आम्ही तिथेच ठेवून आलो. 'शुद्ध विज्ञाना'पुढे आमची समीक्षा आजही हात जोडून उभी असते.

मेघनाद साहांचे उदाहरण घ्या. ढाक्याजवळच्या खेड्यातल्या छोट्या दुकानदाराचा हा मुलगा, जातीने शौंडिक, १९११ मध्ये कलकत्त्याला प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकायला गेला. ईडन हिंदू वसतिगृहात त्याच्या पंक्तीला जेवायला वरच्या जातीच्या विद्यार्थ्यांनी हरकत घेतली. पुढे १९२० मध्ये त्याने जे आयनीभवनाचे समीकरण मांडले, त्याने ताऱ्यांच्या वर्णपटावरून त्यांचे तापमान वाचण्याची वाट जगाला मिळाली. त्या समीकरणाला जात नाही, हे खरे. सूर्यावरचा वायू कोणाच्या हातचे जेवत नाही हेही खरे. पण ते समीकरण मांडणाऱ्याच्या ताटाला जात होती. सिद्धान्ताची निर्जात असण्याची थोरवी सांगून ताटाची गोष्ट झाकता येत नाही. उलट विचारले पाहिजे, की त्या पंक्तीवरून उठवलेले किती जण समीकरणापर्यंत पोचलेच नाहीत?

'शुद्ध विज्ञान' ही केवळ वृत्ती नाही. ती कायद्यातही लिहिलेली आहे. केंद्रीय शैक्षणिक संस्थांतील प्रवेशासाठी आरक्षणाचा जो २००६ चा अधिनियम आहे, त्यात अनुसूचित जातींना १५ टक्के, अनुसूचित जमातींना साडेसात टक्के आणि इतर मागासवर्गांना २७ टक्के जागा आहेत. त्याच अधिनियमाचे चौथे कलम उत्कृष्टतेच्या आणि संशोधनाच्या काही संस्थांना यातून वगळते. त्यांची नावे परिशिष्टात आहेत. होमी भाभा राष्ट्रीय संस्था आणि तिच्या घटक संस्था त्यात आहेत. भाभा अणुसंशोधन केंद्र आणि टाटा मेमोरियल केंद्र या घटकांत येतात. टाटा मूलभूत संशोधन संस्थाही आहे. २०१९ मध्ये अध्यापकांच्या आरक्षणाचा कायदा झाला, त्यातही अशाच संस्थांसाठी अपवादाचे दार ठेवले गेले. एखाद्या संस्थेने स्वतःहून जागा राखल्या तर कायदा आड येत नाही. पण न राखल्यास या कायद्याच्या आधारे जाब विचारता येत नाही. माझा रोख कोणा एका संस्थेवर नाही. माझा आक्षेप त्या कलमामागच्या कल्पनेवर आहे. उत्कृष्टता आणि आरक्षण एकत्र नांदू शकत नाहीत, असे ते कलम न बोलता बोलते. हे वाक्य एखाद्या कादंबरीत आले असते तर आमच्या समीक्षकांनी त्याचे वाभाडे काढले असते. ते कायद्यात आहे म्हणून साहित्याचा विषय होत नाही काय?

५

विज्ञानाच्या इतिहासाकडे आमच्या बाजूने पाहिले तर आणखी एक गोष्ट उघड होते. १८३६ मध्ये कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात मधुसूदन गुप्त यांनी शवविच्छेदन केले. उच्चवर्णीय हिंदूने प्रेताला हात लावला, सुरी चालवली, ही घटना आधुनिक भारताच्या इतिहासात क्रांती म्हणून सांगितली जाते. गुप्तांचे धैर्य मी नाकारत नाही. पण प्रेताला हात लावणारे हात या देशात त्याआधी नव्हते काय? डोम होते, महार होते, मांग होते, चांभार-ढोर होते. कातडे कोठे जाड असते, कोठे पातळ, सांधा कोठे सुटतो, शीर कोठून जाते, हे त्यांना माहीत होते. त्यांच्या हाताला विटाळ म्हटले गेले. तोच स्पर्श दुसऱ्या हाताने केला तेव्हा त्याला विज्ञान हे नाव मिळाले. आजही शवागारात सुरी चालवणारा माणूस बहुधा कोणत्या वस्तीतून येतो आणि अहवालावर सही कोणाची असते, हे कोणत्याही जिल्हा रुग्णालयात जाऊन पाहावे.

माझा विद्यार्थी मला फोनवर सांगत होता, की उंदरांचे पिंजरे धुणाऱ्या मावशी, काचसामान धुणारे काका यांच्याशी त्याची पहिली ओळख झाली. त्यांनी त्याला आडनाव विचारले नाही, गाव विचारले. आणि गाव सांगितल्यावर त्यांना सगळे कळले. डबा कोठे खातोस, असे त्यांनी विचारले. ही विचारपूस प्रयोगशाळेतल्या समानतेची खूण आहे की विषमतेची? दोन्हीची आहे. टेबलाच्या एका बाजूला आपला मुलगा आणि दुसऱ्या बाजूला आपल्याच वस्तीतली बाई. दोघांनाही एकमेकांचा आधार वाटतो आणि दोघांनाही आपले अंतर कळते. बागुलांना हे दृश्य दिसले असते तर त्यांनी त्याची कथा केली असती. दया पवार तर त्या टेबलाच्या दोन्ही बाजूंच्या मध्ये कोठेतरी उभेच होते.

६

आता आमच्याच बाजूचा आक्षेप. तो प्रस्थापितांच्या आक्षेपाहून मला अधिक गंभीर वाटतो. कार्यकर्ते विचारतात, महिन्याला ३७ हजार रुपयांची अधिछात्रवृत्ती मिळणाऱ्याचे दुःख हे दलित साहित्याचा विषय कसे? खैरलांजी घडली त्या महाराष्ट्रात खोली न मिळण्याचे काय एवढे? शिकलेला वर्ग पांढरपेशा झाला, समाजाला विसरला, आता त्याला स्वतःच्या कौतुकाची पुस्तके हवीत.

या आक्षेपात तथ्य आहे. यशोगाथांचे पीक आमच्याकडे वाढते आहे. झोपडीतून प्रयोगशाळेपर्यंत, अशा मथळ्याचा मजकूर वर्तमानपत्रांना आवडतो. कारण त्यात व्यवस्थेवर काही आरोप नसतो. एक जण पोचला म्हणजे वाट मोकळी आहे, असा त्याचा अर्थ लावता येतो. असली यशोगाथा म्हणजे विद्रोहाचे विसर्जन आहे, आणि ती लिहिण्यापेक्षा न लिहिलेली बरी.

पण आक्षेपाचा दुसरा भाग मला मान्य नाही. ती रक्कम आकड्यात दिसते तशी हातात दर महिन्याला येतेच असे नाही. २०२३ मध्ये बार्टीच्या संशोधक विद्यार्थ्यांना अधिछात्रवृत्तीसाठी आझाद मैदानावर धरणे धरून बसावे लागले, हे आपण सर्वांनी पाहिले. घरी पाठवायचे पैसे, धाकट्यांची फी, खोलीची अनामत हे सर्व त्याच एका रकमेवर अवलंबून असते. आणि दुःखाची प्रतवारी लावण्याचा अधिकार समीक्षेला कोणी दिला? रोहित वेमुला हैदराबाद विद्यापीठात संशोधन करीत होता. १७ जानेवारी २०१६ रोजी तो गेला. त्याच्या अखेरच्या पत्रात कार्ल सेगनसारखा विज्ञानलेखक होण्याची इच्छा आहे. त्या पत्रावर मोर्चे निघाले, निघायलाच हवे होते. पण ते पत्र वाङ्मय म्हणून आम्ही वाचले काय? आमच्यातल्या एका मुलाला ताऱ्यांविषयी लिहायचे होते, हे त्या पत्राच्या केंद्रस्थानी आहे. आम्ही त्याला हुतात्मा म्हणून स्वीकारले, लेखक म्हणून नाही. २२ मे २०१९ रोजी मुंबईत डॉ. पायल तडवी गेली. जळगाव जिल्ह्यातून आलेली आदिवासी मुलगी, पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण घेत होती. या दोघांचे मरण आम्हाला ठाऊक आहे. त्यांचा कामाचा दिवस कसा होता, कोणत्या गोष्टीने त्यांना आनंद होत असे, हे आम्हाला ठाऊक नाही. ज्या साहित्याला आपल्या माणसांचे फक्त मरण ठाऊक असते ते साहित्य अपुरे आहे.

आनंद हा शब्द मी जाणूनबुजून वापरला. सूक्ष्मदर्शकाखाली पहिल्यांदा जिवंत पेशी विभागताना दिसते तेव्हा जो आनंद होतो, तो आमच्या पूर्वजांना नाकारलेल्या गोष्टींपैकी एक आहे. पाणवठा नाकारला, देऊळ नाकारले, तसे कुतूहलही नाकारले. म्हणून तो आनंद लिहिणे ही चैन नाही. तोही हक्काचा उच्चार आहे. आमच्या साहित्याने नकार खूप समर्थपणे लिहिला. आता कुतूहल लिहिले पाहिजे, आणि ते लिहिताना खोली विसरता कामा नये, पिंजरे धुणारी मावशी विसरता कामा नये.

७

मग हे लेखन कसे असावे? निकष साहित्यशास्त्रात शोधण्याऐवजी मी तो प्रयोगशाळेतूनच घेतो. प्रयोगवहीचे काही नियम असतात. पान फाडायचे नाही. चुकलेली नोंद खोडरबराने पुसायची नाही. तिच्यावर एक रेघ मारायची, म्हणजे खालचे वाचता येते. तारीख घालायची. फसलेला प्रयोगही लिहायचा, कारण तो का फसला हे पुढच्याला कळले पाहिजे. आमच्या नव्या आत्मकथनाने हे नियम पाळावेत. नाव लपवले असेल तर लपवले असे लिहावे. घाबरलो असू, तर घाबरलो असे लिहावे. गावाकडच्या माणसांची लाज वाटली असेल तर तीही रेघ मारून, पण वाचता येईल अशी ठेवावी. यशोगाथेत फसलेले प्रयोग नसतात. म्हणून ती कोणाच्या उपयोगी पडत नाही. बेबीताई कांबळे यांनी 'जिणं आमुचं'ची वही घरात लपवून ठेवून लिहिली. तिथे प्रकाशाची, टेबलाची, वेळेची सोय नव्हती. आजच्या संशोधक मुलामुलींना रोज वही लिहायची सवय तरी आहे. तिच्याशेजारी दुसरी एक वही ठेवायला हरकत नसावी.

माझा विद्यार्थी आता दर रविवारी, पेशींनी सोडले तर, ऐरोलीच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्मारकातल्या ग्रंथालयात जाऊन बसतो. मी दिलेली दोन्ही पुस्तके त्याने परत पाठवली, सोबत एक चिठ्ठी होती: "सर, वाचली. यात आहे ते इथेही आहे. नाही तेही बरेच आहे." मी त्याला उत्तर पाठवले, की नाही ते तू लिही, कच्चे लिही, खाडाखोडीसकट पाठव. अद्याप काही आलेले नाही. मी त्याच्या मागे लागलो आहे. या पृष्ठांचे वाचक शिक्षक आहेत, कार्यकर्ते आहेत. त्यांच्या ओळखीतही कोणीतरी मुलगा किंवा मुलगी कुठल्यातरी शहरात, लांबच्या खोलीतून निघून, कुठल्यातरी प्रयोगशाळेच्या टेबलापाशी उभी असेल. त्यांनीही तिच्या मागे लागावे. आणि खोली शोधताना बरोबर जावे.